लॅटिनचा तक्ता पाठ होत नाही, काय करावे?

गोदाकाठची (नांदेड)

सर्वांना नमस्कार. मी नांदेडला डी. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण गावाकडे मराठी माध्यमातून झाले. अकरावी-बारावीत विज्ञानाचे इंग्रजी कसेबसे अंगवळणी पडते न पडते तोच आता लॅटिन संज्ञांचा दोन पानांचा तक्ता पुढ्यात आला आहे. डावीकडे संक्षेप, मध्ये लॅटिन शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ अशी त्याची मांडणी आहे. रात्री घोकलेले सकाळी आठवत नाही. 'आन्टे सिबम' म्हणजे जेवणाआधी की जेवणानंतर, यात माझा अजूनही गोंधळ होतो. टी. आय. डी. आणि टी. डी. एस. या दोहोंचा अर्थ 'दिवसातून तीन वेळा' असाच असेल, तर दोन संक्षेप कशाला, असे मी वर्गात विचारले, तेव्हा "पाठ करा, परीक्षेला येते" एवढेच उत्तर मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी हा अभ्यास केला आहे, त्यांनी लक्षात ठेवण्याचा काही मार्ग सांगावा, ही विनंती.

खलबत्ता (परभणी)

बाळ, मी छत्तीस वर्षे सरकारी दवाखान्यांत औषधनिर्माता म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तक्ता पाठ होत नाही यात तुझा दोष नाही, कारण तक्ता अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्या क्रमाने कधीच लिहिलेली नसते. तेव्हा तक्ता बाजूला ठेव आणि चिठ्ठी वाचताना एकच प्रश्न विचार: हे वाक्य डॉक्टर कोणाला उद्देशून बोलत आहेत?

चिठ्ठीच्या माथ्यावर आर हे अक्षर आणि त्याच्या पायावर तिरपी रेघ असते. ते 'रेसिपे' या क्रियापदाचे संक्षिप्त रूप आहे. रेसिपे म्हणजे 'घे'. हे आज्ञार्थी एकवचन आहे आणि ते रुग्णाला नव्हे, तुला आणि मला उद्देशून आहे: फडताळातून अमुक द्रव्य इतके घे. (ती खूण म्हणजे गुरू ग्रहाचे चिन्ह असल्याची कथा अनेक पाठ्यपुस्तकांत आहे. मला मात्र ती जुन्या लेखनिकांची शब्द तोडल्याची साधी रेघ वाटते.) त्यानंतर द्रव्यांची नावे आणि मापे येतात. पुढे 'मिसे' म्हणजे मिसळ, 'फिआट मिस्टुरा' म्हणजे मिश्रण केले जावे, आणि 'मिटे' म्हणजे इतके पाठव. हे सारे अजून आपल्यालाच सांगणे चालू आहे. शेवटी 'सिग्ना' येते, म्हणजे बाटलीवर लिही. त्याच्यापुढे जे काही असते ते रुग्णासाठी असते, आणि बी. डी. (दिवसातून दोनदा), टी. डी. एस., ए. सी. (जेवणाआधी), पी. सी. (जेवणानंतर) ही सगळी मंडळी तेथेच राहतात. घे, मिसळ, पाठव, लिही या चार आज्ञा मनात बसल्या की निम्मा तक्ता आपोआप जागेवर पडतो.

आमच्या वेळी औषधे खरोखर मिसळावी लागत. आज तू हे शब्द वाचशील, परंतु 'मिसे' या आज्ञेप्रमाणे हात चालवण्याची वेळ प्रात्यक्षिकाच्या तासाखेरीज क्वचितच येईल.

आद्यकवींच्या गावातून (अंबाजोगाई)

मी औषधशास्त्रातला नाही, निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. नातू फार्मसीला गेल्यापासून त्याचा तक्ता माझ्याही हाती आला, आणि वाचता वाचता जुने सोबती भेटल्यासारखे वाटले. ताई, आपण आठवी ते दहावी संस्कृत घेतले असेल तर आपल्याला या तक्त्याची भीती वाटण्याचे कारण नाही, आणि घेतले नसेल तरी मराठीच्या विभक्ती पुरेशा आहेत.

प्रथम आपल्या हातातील घड्याळ पाहा. ए. एम. म्हणजे 'आन्टे मेरिडिएम', मध्यान्हाच्या आधी, आणि पी. एम. म्हणजे 'पोस्ट मेरिडिएम', मध्यान्हानंतर. ए. सी. आणि पी. सी. हे त्यांचेच सख्खे भाऊ आहेत, केवळ 'मध्यान्ह' जाऊन तेथे 'सिबम' म्हणजे अन्न आले आहे. पोस्टमॉर्टेम हा शब्द तर तालुक्याच्या गावातील प्रत्येक माणसाला ठाऊक असतो. मॉर्टेम, मेरिडिएम, सिबम या तिन्हींच्या शेवटी जो 'म' ऐकू येतो तो द्वितीया विभक्तीचा प्रत्यय आहे, जसा 'रामम्' मधला. आन्टे आणि पोस्ट यांच्यामागून येणारे नाम द्वितीयेत जाते, हा लॅटिनचा नियम आहे.

आता आपल्या टी. आय. डी. आणि टी. डी. एस. या शंकेविषयी. पहिला 'टेर इन दिए' आहे, म्हणजे दिवसात त्रिवार. दुसरा 'टेर दिए सुमेन्डम' आहे, म्हणजे दिवसातून त्रिवार घ्यावयाचे. सुमेन्डम हे रूप संस्कृतातील 'करणीय', 'पठनीय' यांच्या जातीचे आहे, आणि मराठीतील 'घ्यावयाचे' हे त्याचे चपखल भाषांतर होईल. अर्थामध्ये फरक नाही, फरक प्रथेत आहे: अमेरिकेत पहिला रूढ झाला, ब्रिटनमध्ये दुसरा, आणि आपण ब्रिटिशांची वाट धरली.

बिस, टेर, क्वाटेर हे संस्कृतातील द्विः, त्रिः, चतुः यांचे नातलग आहेत. दिए हा दिवसाचा, आणि रात्रीसाठी येणारा 'नोक्टे' हा नक्ताचा. एच. एस. म्हणजे 'होरा सोमनी', झोपेच्या वेळी. यातील सोमनी हे 'सोम्नुस' या शब्दाचे षष्ठीचे रूप आहे, आणि सोम्नुस व आपला 'स्वप्न' यांचे मूळ एकच आहे. होरा हा शब्द तर पंचांगात जसाच्या तसा आहे, कारण तो ग्रीकांकडून लॅटिननेही घेतला आणि आपल्या ज्योतिषानेही घेतला. मला सर्वांत मौज वाटली ती एस. ओ. एस. या संक्षेपाची. नातू त्याला बुडत्या जहाजाची हाक समजत होता. तो 'सी ओपुस सित' आहे, म्हणजे गरज असेल तर. यातील 'सित' आणि संस्कृतातील 'स्यात्' ही एकाच धातूची विध्यर्थी रूपे आहेत. पी. आर. एन. म्हणजे 'प्रो रे नाटा', उद्भवलेल्या प्रसंगासाठी. यातील 'नाटा' म्हणजे जन्मलेली, आपल्या 'जाता' या शब्दाची बहीण.

उच्चारांविषयी एक सूचना. रोमन लोक सिबमला 'किबुम' म्हणत असत, परंतु तोंडी परीक्षेत तसे म्हणून परीक्षकांना कोड्यात टाकू नये.

अभिमान_मराठवाडा (धाराशिव)

यावरून लॅटिन ही संस्कृतपासूनच निघाली, हे सिद्ध होते.

आद्यकवींच्या गावातून (अंबाजोगाई)

तसे सिद्ध होत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जे मांडले ते असे, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे असू शकत नाही आणि तिन्ही एखाद्या समान, बहुधा लुप्त झालेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. म्हणजे त्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. शिवाय प्रत्येक शब्दाला नातलग सापडतोच असे नाही. सिबमला मी पुष्कळ शोधले, मला कोणी मिळाले नाही. तो एक शब्द घोकावाच लागेल.

रोखठोक (बीड)

माझे मेडिकल आहे आणि मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे. हे शब्द जितके सुंदर आहेत तितकेच ते काउंटरवर धोक्याचे आहेत. माझ्या दुकानात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग सांगतो. एक आजी डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन आल्या. तिच्यावर 'एक थेंब, ओ. डी., क्यू. आय. डी.' असे लिहिले होते. आमच्याकडे ओ. डी. म्हणजे दिवसातून एकदा, असेच सगळे समजतात. नव्या मुलाने तसेच समजून दोन्ही डोळ्यांत दिवसातून एकदा थेंब घालायला सांगितले. पुढच्या क्यू. आय. डी.कडे, म्हणजे दिवसातून चार वेळांकडे, त्याने दुर्लक्ष केले, कारण दोन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात नेत्रतज्ज्ञांचा ओ. डी. 'ओकुलुस डेक्स्टेर' होता, म्हणजे उजवा डोळा. थेंब केवळ डोळ्यांचा कोरडेपणा घालवणारे होते म्हणून निभावले. काचबिंदूचे असते तर?

हा केवळ आपल्याकडचा घोटाळा नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली आणि तिच्यात क्यू. डी., म्हणजे रोज एकदा, हा संक्षेप घातला, कारण घाईच्या अक्षरात तो क्यू. आय. डी. म्हणून वाचला जातो आणि एकाच्या चार मात्रा होतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेट या संधिवातावरील औषधाची गोळी रोज घेतली गेल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आपल्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनेही २०१६ साली नियमात दुरुस्ती करून औषधाचे जेनेरिक (मूळ द्रव्याचे) नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले. मग दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा मुलांच्या डोक्यात कशाला भरायची? सरळ '१-०-१' (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहावे, तेवढे येथील निरक्षर माणसालाही कळते.

खलबत्ता (परभणी)

रोखठोकरावांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला, आणि तरी मी त्यांचा निष्कर्ष अर्धाच मान्य करतो. लॅटिन लिहू नये, हे बरोबर आहे. लॅटिन वाचता येऊ नये, हे बरोबर नाही. त्या मुलाला ओ. डी.चे दोन अर्थ ठाऊक असते, तर डोळ्यांच्या औषधावर ते अक्षर पाहताच तो थबकला असता आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला असता. चिठ्ठी लिहिणारे जोवर ही अक्षरे लिहीत आहेत तोवर वाचणाऱ्याची सुटका नाही. '१-०-१' मध्येही जेवणाआधी की नंतर हे कोठे येते?

मात्र अभ्यासक्रमानेही या विषयाचा फार बडेजाव केलेला नाही, हे येथे नोंदवतो. १९९१च्या नियमांप्रमाणे डी. फार्म.चा जो अभ्यासक्रम बरीच वर्षे चालला, त्यात नेहमीच्या लॅटिन संज्ञांपुढे कंसात 'सविस्तर अभ्यास आवश्यक नाही' असा शेराच होता. भारतीय औषधकोशाच्या १९५५च्या पहिल्या आवृत्तीत औषधांची शीर्षके लॅटिनमध्ये होती, ती १९६६च्या दुसऱ्या आवृत्तीत इंग्रजीत आली. म्हणजे ही माघार जुनीच आहे.

आता थोडे विषयाच्या कडेने. माझे वडील निजामाच्या राजवटीत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह सगळे विषय उर्दूतून शिकवले जात असत. वडिलांच्या वहीत एका ओळीत 'पुल्विस', तिच्याखाली 'सफूफ' आणि कडेला मोडीत 'चूर्ण' असे लिहिलेले मला आठवते. 'उंगुएन्टम'खाली 'मरहम', 'सिरुपुस'खाली 'शरबत'. यातला सिरुपुस मुळात अरबी 'शराब' या शब्दावरूनच लॅटिनमध्ये गेलेला, हे मला फार नंतर कळले, म्हणजे वडील नकळत तो शब्द त्याच्या माहेरी पोचवत होते. परंतु रुग्णाला यातले काहीच सांगितले जात नसे. मिश्रणाच्या बाटलीवर कागदाची पट्टी उभी चिकटवायची, तिला कात्रीने खाचा पाडायच्या, आणि "एका वेळेला एक खाच उतरवा" असे सांगायचे. 'टेर दिए सुमेन्डम' त्या खाचांतून घरोघरी गेले. मीही नोकरीच्या सुरुवातीला अशा पट्ट्या पुष्कळ कापल्या आहेत.

निर्गुडी (छत्रपती संभाजीनगर)

मी फार्माकोग्नॉसी, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक स्रोतांतून मिळणाऱ्या औषधांचे शास्त्र, शिकवते. चर्चा चिठ्ठीभोवती फिरत आहे, परंतु ताईंना लॅटिन याहून अधिक भेटेल ते वनस्पतींच्या नावांत, आणि तेथे मराठी माणसाला एक फायदा आहे ज्याची जाणीव आपण विद्यार्थ्यांना करून देत नाही. हिंदीत दोन लिंगे आहेत, इंग्रजीत विशेषण लिंगाप्रमाणे बदलतच नाही. मराठीत चांगला, चांगली, चांगले अशी तीन रूपे होतात आणि लॅटिनमध्येही तशीच तीन होतात. हळद 'कुर्कुमा लॉन्गा' आहे, तर पिंपळी 'पायपर लॉन्गम'. मुले परीक्षेत लॉन्गा आणि लॉन्गम यांची सर्रास अदलाबदल करतात. कुर्कुमा स्त्रीलिंगी आहे म्हणून लांब 'ती', पायपर नपुंसकलिंगी आहे म्हणून लांब 'ते', एवढे सांगितले की चूक थांबते. काळी मोहरी 'ब्रासिका नायग्रा' आणि काळे मिरे 'पायपर नायग्रम' यांचाही हाच हिशोब. सुंठ 'झिंजिबर ऑफिसिनाले' आहे. यातील ऑफिसिना म्हणजे मठातील औषधांची कोठी. ज्या वनस्पतीच्या नावात ऑफिसिनालिस किंवा ऑफिसिनाले असेल ती कोणे एके काळी त्या कोठीत विकायला ठेवलेली होती, असे खुशाल समजावे.

मी पहिल्या तासाला वर्गात पुस्तक उघडत नाही, शेतात काय पेरले आहे ते विचारते. करडई म्हणाल तर 'कार्थामुस टिन्क्टोरियुस', रंगवण्याच्या कामाची, कारण तिच्या फुलांपासून रंग काढत असत. याच रंगवण्याच्या धातूपासून 'टिंक्चर' हा शब्द आला आहे, तेव्हा टिंक्चर आयोडीन आणि बांधावरची करडई यांचे नाते मुले विसरत नाहीत. जवस 'लिनुम उसिटाटिस्सिमुम', अत्यंत उपयुक्त. हे तमभाववाचक रूप आहे, जसे आपले 'उत्तम'. हरभरा 'सिसेर आरिएटिनुम', कारण दाण्याचा आकार मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो, आणि एकदा हे ऐकल्यावर तो तसाच दिसू लागतो. बालाघाटच्या डोंगरावरचे सीताफळ 'अनोना स्क्वामोसा', खवल्यांचे. गुळवेल 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया', हृदयाच्या आकाराच्या पानांची.

अंबाजोगाईच्या सरांचे वाचून मला राहवले नाही म्हणून दोन नावांची भर घालते. सर्पगंधा 'राउवोल्फिया सर्पेन्टिना' आहे आणि यातील सर्प अक्षरशः सर्पच आहे. अश्वगंधा 'विथानिया सोम्निफेरा', म्हणजे निद्रा आणणारी. सोम्नुसचे नाते सरांनी सांगितलेच आहे, आणि 'फेरा' हा संस्कृतातील भृ या धातूचा भाऊबंद, म्हणजे शब्दाला शब्द ठेवून पाहिले तर 'स्वप्नभरा' होईल.

अनेकांना वाटते की वनस्पतिशास्त्रात अजून सारे लॅटिनमध्येच चालते. तसे नाही. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच प्रसिद्ध करण्याची सक्ती १ जानेवारी २०१२पासून उठली असून इंग्रजीही चालते. नाव मात्र लॅटिन वळणाचेच ठेवावे लागते.

रोखठोक (बीड)

ताईंचा हरभऱ्याचा दाखला आवडला. आज दुकानात हरभऱ्याचा दाणा उलटसुलट करून पाहिला. खलबत्तासाहेबांचे वाचता येण्याविषयीचे म्हणणेही मान्य करतो.

तरीही लॅटिनने न सुटणारी एक अडचण मांडतो. आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जाण्याआधी महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून नेतात. चिठ्ठीवर टी. डी. एस., पी. सी. असते. फडावर पहाटे चारला कोयता हाती घेणारी बाई दिवसात दोनदाच जेवते, एकदा अकराच्या सुमारास आणि एकदा रात्री. 'जेवणानंतर तीन वेळा' असे मी लिहून दिले तर ती दोनच गोळ्या घेणार, आणि त्यात तिची चूक नाही. रमजानच्या महिन्यातही हाच प्रश्न येतो. अशा वेळी 'पोस्ट सिबम'चा अर्थ पाठ असून भागत नाही, तुम्ही जेवता केव्हा, हे विचारावे लागते, आणि वेळा जुळत नसतील तर डॉक्टरांनाच फोन करावा लागतो. आपल्या मनाने तिसरी गोळी उडवू नये.

गोदाकाठची (नांदेड)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेले दहा दिवस मी तक्ता उघडला नाही. घड्याळाची युक्ती तर वर्गात सर्वांना सांगितली. शरीररचनेच्या तासाला कानातील 'कॉक्लिया' शिकवला तेव्हा तक्त्यातील 'कोक्लिआरे' म्हणजे चमचा, हा शब्द आठवला. ग्रंथालयातील शब्दकोशात पाहिले, तर दोहोंच्या मुळाशी गोगलगायीचे शंखासारखे कवच निघाले. रोमन लोक गोगलगाय खाण्यासाठी जो लहान चमचा वापरत असत त्यावरून तो शब्द आला. येथे कोणी न सांगता मला हे सापडले, याचा फार आनंद झाला.

सरावासाठी एक चिठ्ठी मराठीत उतरवली आहे, कृपया तपासावी. चिठ्ठीत 'मिस्टुरा कार्मिनाटिवा, सिग्ना: कोक्लिआरे मॅग्नम, टी. डी. एस., पी. सी.' असे आहे. मी बाटलीवर असे लिहिले: 'पोटातील वाताचे औषध. एक मोठा चमचा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर घ्यावे.'

खलबत्ता (परभणी)

लॅटिन बिनचूक वाचलेस. मराठीत एक शब्द खटकला. कोक्लिआरे मॅग्नम म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा, कोक्लिआरे मिनिमम, म्हणजे ५ मिलिलिटर. परंतु आपल्याकडे घरात मोठा चमचा म्हटले की वरणाचा डावसुद्धा बाहेर येतो. पोह्याचा चमचा म्हटले तर प्रत्येक घरचा वेगळा. तेव्हा चमचा हा शब्दच काढून टाक. आणि बाटली हलवण्याचे राहिले.

गोदाकाठची (नांदेड)

दुरुस्त करून लिहिले आहे: 'पोटातील वाताचे औषध. बाटली हलवून, झाकणावरील १५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ओतून, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर घ्यावे.' तोंडी सांगताना दिवसातून किती वेळा जेवता, हे आधी विचारेन.

खलबत्ता (परभणी)

आता बाटली द्यायला हरकत नाही.